तुझा प्रोग्राम, माझा डेस्कटॉप

उंब्रज, १२ ऑक्टोबर २०२५

राजनंदिनी,

हे पत्र कॉम्प्युटरबद्दल आहे. दुसऱ्या कुठल्याही विषयावर मला लिहायचं नाही आणि तूही लिहू नयेस. फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तुझी आई माझ्या हातातून फोन काढून घेते. ई-मेल बरा. त्यात आवाज जात नाही.

विषय असा. आपल्या वाडीतल्या सैनिकांच्या फोटोंची भिंत सोळा डिसेंबरला, विजय दिवसाला, खुली करायचं ठरलं आहे. भिंत बांधून, रंगवून तयार आहे. फोटो तू घरोघर फिरून स्कॅन केलेले. त्यांची डिस्क तू जाताना इथंच ठेवलीस, ते चांगलं केलंस. अडचण नावांची आहे. कोणता चेहरा कोणाचा, हे तू तुझ्या त्या फोटोंच्या प्रोग्राममध्ये घालून ठेवलंयस. ते चेहरे ओळखणारे तात्याबा मागच्या उन्हाळ्यात वारले. आता डिस्कवरची ती नावं फक्त तुझ्या प्रोग्रामला वाचता येतात आणि तो माझ्या कॉम्प्युटरवर नाही.

तू मला शिकवताना म्हणाली होतीस की लिनक्स एकच असलं तरी वरची मांडणी ज्याची त्याची वेगळी असते. माझी एक्सएफसीई, तुझ्या लॅपटॉपवर केडीई. पण एका डेस्कटॉपसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावरही चालतो, असंही सांगितलं होतंस. त्या शब्दावर विसंबून मी काल तो बसवायला घेतला.

बसवताना एक खिडकी उघडली. ‘याच्याबरोबर हेही येईल,’ आणि खाली नावं. मी खाली सरकवत राहिलो तरी नावं संपेनात. मी फोटोंचा एक प्रोग्राम मागवला होता, वऱ्हाड नव्हे. नोकरीत कितीतरी वर्षं मी गेटवर कोण आत येतंय ते बघूनच सोडत आलोय. ज्याच्याशिवाय तो उभाच राहत नाही तेवढे ठेवले आणि बाकी सगळ्यांवरच्या खुणा काढल्या.

प्रोग्राम आला. उघडला. बटणं आहेत, पण बटणांवर चित्रं नाहीत. नुसते रिकामे चौकोन. कोणता चौकोन काय करतो हे दाबून बघण्याशिवाय कळायला मार्ग नाही. एक दाबला तर कै. हवालदार बाबूराव आडवे झाले. अजून सरळ झालेले नाहीत.

काय करायचं ते मुद्देसूद कळव.

आणखी एक. हे एकदाच लिहितो. उद्घाटनाला तू ये. भिंतीचं निम्मं काम तुझं आहे. घराचं दार तुला बंद नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तू एकटी ये.

नानासो
सुभेदार (निवृत्त), सिग्नल्स

१९ ऑक्टोबर

राजनंदिनी,

पत्र तुला लिहिलं होतं. उत्तर धुळाचं आलं. बोलावतो एकाला आणि येतं दुसरंच कोणीतरी. ही सवय तुझ्या प्रोग्रामची आहे की तुमच्या घराची, ते मला कळत नाही.

त्याचं उत्तर जसंच्या तसं खाली देतो, म्हणजे तू वाचलंस की नाही हा प्रश्न राहणार नाही.

“मामा, नमस्कार. नंदा लिवत न्हाई म्हनली म्हणून मीच लिवतोय. बटनावरची चित्रं प्रोग्रामच्या पोटात नसत्यात. चित्रांची पेटी वायली येती. तुमच्या डेस्कटॉपकडं त्याची सोताची पेटी हाय, पर त्यातली चित्रं ह्याला वळखू येत न्हाईत. तुमी ह्याची पेटी दारातच उतरवून ठेवलेली दिसती. तेवढी आत घ्या.”

पेटी आत घेतली. चित्रं आली. बाबूराव सरळ झाले. तेवढ्यापुरता तो बरोबर होता, असं त्याला सांगायला हरकत नाही. मात्र मला मामा म्हणू नको असंही सांग. लहानपणी मेंढरांमागून आपल्या रानात यायचा तेव्हा मेजर म्हणायचा. तेच ठीक होतं.

आता नवीन अडचण. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मला पांढरी स्क्रीन सोसत नाही, हे तुला माहीत आहे. तूच माझ्या डेस्कटॉपला काळा रंग देऊन गेलीस, काळ्यावर पांढरी अक्षरं. माझे सगळे प्रोग्राम तो पाळतात. तुझा एकटा पांढराफटक. हायवेवर समोरून ट्रकचा दिवा यावा तसा डोळ्यावर येतो. एका छताखाली राहायचं तर रीत एक हवी, म्हणून मी सेटिंगमध्ये शिरून माझा रंग त्याला लावला. त्यानं तो अर्धाच घेतला. मागची पाटी काळी झाली आणि अक्षरंही काळीच राहिली. म्हणजे नावं आहेत, पण दिसत नाहीत. माउस नेला की एक नाव उजळतं, सरकवला की विझतं. काल दुपारभर मी असा एकेक माणूस उजळत बसलो होतो.

तुझी आई मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, “आवं, त्ये न्हाई तुमच्या रंगात येत. त्येच्या रंगात ऱ्हाऊ द्या की त्येला.”

मी तिला सांगितलं की सैन्यात दुसऱ्या युनिटचा जवान आपल्याकडे अटॅच झाला की तो आपले नियम पाळतो. त्याला स्वतःचं असं काही नसतं.

“व्हय का? आन तुमी लेहला अटॅच झाला तवा? ट्रंकंत काय काय न्हेलं हुतं? जोंधळ्याचं पीठ, शेंगदान्याची चटणी, जोतिबाचा टाक. तितं मद्रास पलटणीच्या लंगरात भात गिळंना म्हणून मलाच पत्र लिवलं हुतं न्हवं?”

तिला जुनी पत्रं पाठ आहेत. ही गोष्ट इथं अप्रस्तुत आहे.

रंगाचं काय करायचं ते कळव. उद्घाटनाबद्दल उत्तर आलेलं नाही. दिवाळीचा फराळ तुझ्या आईनं एसटीनं पाठवला आहे. डब्यात किती जणांना पुरेल एवढं भरलंय, ते मी पाहिलं नाही.

नानासो

२ नोव्हेंबर

राजनंदिनी,

तुझ्या प्रोग्रामनं आता माझ्याकडे पासवर्ड मागितला. माझ्या घरात, माझ्या कॉम्प्युटरवर, मला.

उघडला की आधी एक छोटी खिडकी पुढं येते, ‘वॉलेट उघडण्यासाठी पासवर्ड द्या.’ कसलं वॉलेट? पासवर्ड सांभाळायची सोय माझ्या डेस्कटॉपकडे आहेच. त्यात ठेव म्हणावं. पण नाही, त्याला त्याची वेगळी तिजोरी हवी. रद्द करावं तर जाते आणि जरा वेळानं पुन्हा हजर.

धुळाला वाटतं त्यात काही विशेष नाही. “ती त्येची सवय हाय मामा. सोताचा एक पासवर्ड देऊन टाका, पुन्यांदा गप बसंल.” पुन्हा मामा. तू त्याला सांगितलेलं दिसत नाही. आणि माझ्या घरात तिजोरी आणायची तर आधी मला विचारून आणावी, एवढी माझी अपेक्षा चुकीची आहे का?

म्हणून मी स्टँडजवळच्या पप्पूला बोलावलं. तोच, ज्याचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि जो प्रत्येक गोष्टीला ‘खेळ खल्लास’ म्हणतो. “काका, ह्ये वॉलेटच काढून टाकू. खेळ खल्लास.” त्यानं त्यावर खूण केली. एक खिडकी आली, काहीतरी विचारलं. पप्पूनं न वाचता होय केलं. मीही वाचलं नाही, चष्मा कपाळावर होता. वॉलेट गेलं. पाठोपाठ तुझा प्रोग्रामही गेला. खिडकी तेच विचारत होती, याला काढलं तर तोही जाईल, चालेल का?

फोटो आणि नावं डिस्कवर शाबूत आहेत. ते आधी तपासलं. तुझी आई रडायला लागली होती, तिलाही दाखवलं.

मग पप्पूनं दुसरं टोक गाठलं. “काका, असं तुकड्यातुकड्यानं न्हाई जमायचं. आख्खं केडीईच टाकतो.” मी नको म्हणेपर्यंत टाकलंसुद्धा. त्यानंतर लॉगिनचा पडदा बदलला. मेनू उघडला की प्रत्येक गोष्ट दोनदोनदा. दोन कॅल्क्युलेटर, दोन घड्याळं, फाइली दाखवणारे दोघं, सेटिंग्ज दोन. पाटपाण्याच्या अर्जावर क्लिक केलं तर तिसऱ्याच कोणीतरी तो उघडला. एका घरात दोन चुली पेटल्या. पप्पू गेल्यावर मी त्या दुसऱ्या चुलीची भांडी एकेक करून बाहेर काढली. त्यात दोन दिवस गेले. आता पुन्हा नुसता प्रोग्राम आणि चित्रांची पेटी. वॉलेटची खिडकी येते तेव्हा मी तिला रद्द करतो. ती येते, मी रद्द करतो. असं आमचं चाललंय.

खालच्या रानातला ऊस गेला. रान मोकळं आहे. धुळाचा बाप कोंडीबा जतहून मेंढरं घेऊन उतरला की पहिली वाघर आपल्याच रानात लावायचा. रात्री मेंढरं त्या जाळ्यात बसली की पुढच्या लागणीला दुसरं खत शोधावं लागायचं नाही. मागच्या साली तुझं ते सांगलीला नोंदणीचं झाल्यावर मी त्याला सांगितलं, आमच्या रानात वाघर नको. भावकी काय म्हणेल याचं उत्तर मला द्यावं लागतं, तुला नाही. यंदाही तेच. हे फक्त माहितीसाठी लिहिलं.

उद्घाटनाबद्दल दोनदा विचारून झालं. मी तिसऱ्यांदा विचारत नाही.

येणार आहेस का?

नानासो

१३ नोव्हेंबर

राजनंदिनी,

कराडचा प्रिंटर नावं मागतोय. ज्या चेहऱ्यांपुढं तू प्रश्नचिन्ह ठेवलं होतंस त्यातले बरेच मी घरोघर विचारून ओळखून आणले. ती नावं आता तुझ्या प्रोग्राममध्ये मराठीत घालायची आहेत आणि तो मराठी घेत नाही.

हे पत्र मी त्याच की-बोर्डवर, त्याच बोटांनी, मराठीत लिहितोय. खिडकी बदलून तुझ्या प्रोग्राममध्ये नावाच्या चौकटीत जातो, तीच कळ दाबतो आणि इंग्रजी अक्षर उमटतं. परत इकडं येतो, मराठी. तिकडं जातो, इंग्रजी. बंद करून चालू केला. की-बोर्ड झटकला. एकदा जरा जोरानं झटकला, त्याची एक कळ आता दिवाणाखाली आहे.

तुझी आई म्हणते, “पोरगी आता सासूसंगं कानडीत बोलती. फोनवर आयकलं म्या. लय ग्वाड वाटतंय.” तू तिच्याशी फोनवर बोलतेस हे मला माहीत नाही असं ती समजते. समजू दे. माझं म्हणणं एवढंच की तिकडं गेल्यावर तू तिकडची भाषा शिकलीस. मग तुझ्या प्रोग्रामनं इकडं आल्यावर मराठी बोलायला काय हरकत आहे?

रंगाचं तसंच आहे. काळ्यावर काळं.

धुळाला विचार. हो, मीच म्हणतोय. विचार.

नानासो

१८ नोव्हेंबर (अंतर्देशीय पत्र)

राजनंदिनी,

हे हातानं लिहितोय. कारण वाच.

परवा धुळाचा फोन आला. तुझ्या आईनं स्पीकर लावून माझ्या कानाजवळ धरला.

“मामा, दोन वळी सांगतो. त्या सुरवातीच्या फाइलीत टाका. कुठल्या प्रोग्रामनं मराठीसाठी कुणाला इचारायचं, त्ये त्यात लिवल्यालं आसतंय.”

“मामा म्हणू नको.”

“बरं मेजर. टाकल्या का?”

“टाकल्या.”

“आता बंद करून चालू करा.”

केलं. मराठी गेलं. आधी फक्त तुझ्या प्रोग्राममध्ये नव्हतं, आता माझ्याही नाही. ई-मेलमध्ये नाही, कशातच नाही. मी त्याला तसं सांगितलं तर पलीकडून “अय्यो!” ऐकू आलं. मग म्हणतो, “आमच्याकडं टायपिंगचं वायलंच बसवलंय. तुमच्याकडं बी त्येच आसंल आसं धरून बसलो मी. माझंच चुकलं, मेजर.”

त्यांच्याकडं आहे म्हणून आमच्याकडंही असेल! दोन्ही घरं त्यानं एकच धरली. उलटं कसं करायचं तेही त्यानं सांगितलं असतं, पण तोवर माझा आवाज चढला होता आणि आईनं फोन काढून घेतला.

म्हणून हे पेन. लेहहून तुझ्या आईला असंच लिहायचो. यात मागं जाऊन पुसता येत नाही, तेव्हा जे आलं ते राहील.

तू एकटी ये म्हणालो, यात माझं काय चुकलं? बाप लेकीला बोलावतो. भिंतीपाशी सगळी वाडी असणार, भावकी असणार, माझ्या पलटणीतली माणसं असणार. त्यांच्यासमोर मला तू हवी आहेस. त्यात आणखी कोण, कुठून, कसं, याची उत्तरं देत मला उभं राहायचं नाही. एवढंच तर मागितलं होतं. तुझा प्रोग्राम निदान आत येण्याआधी सांगतो की माझ्याबरोबर हे हे येणार आणि यांच्याशिवाय मी चालणार नाही. तू सांगितलं नाहीस. तू सरळ निघून गेलीस.

कागद संपला.

नानासो

२७ नोव्हेंबर

राजनंदिनी,

तुझं पत्र पोस्टानं मिळालं. पोस्टमननं ते तुझ्या आईच्या हातात दिलं. तिनं ते आधी वाचलं, मग देव्हाऱ्यासमोर ठेवलं, मग मला दिलं. सव्वा वर्षानं तुझं अक्षर बघितलं. तू लिहिलेलं इथं पुन्हा उतरवतो, कारण मुद्द्यांना एकेक उत्तर द्यायचं आहे.

“आबा, अक्षर तुमचं तसंच आहे, ओळीच्या वर चढणारं. धुळानं दिलेल्या दोन ओळी पुसा आणि खाली मी लिहिल्यात त्या टाका. मराठी दोन्हीकडे येईल.

चित्रं, रंग, वॉलेट, तुम्ही प्रत्येकासाठी वेगळं पत्र लिहिता. दुखणं एकच आहे. तुम्ही त्याला एकट्याला आत घेतलंत. पप्पूसारखं आख्खं केडीई आणू नका, त्याची गरज नाही. पण तो प्रोग्राम काढून पुन्हा बसवा आणि त्याच्याबरोबर जे येतंय ते येऊ द्या. त्याच्या रंगाला हात लावू नका.

मी सांगितलं नाही असं तुम्ही लिहिलंय. सांगितलं होतं. धुळा अंगणात उभा होता आणि मी उंबऱ्यात. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात.

सोळा तारखेला मी येणार नाही. म्हणजे एकटी येणार नाही.”

उत्तरं.

एक. तुझ्या ओळी टाकल्या. मराठी आलं, दोन्हीकडे. हे पत्र त्याच्यावरच आहे. नावं घालून झाली.

दोन. पुन्हा बसवण्याचा सल्ला मी मानलेला नाही. काळ्यावर काळी अक्षरं माउसनं उजळत मी काम निभावतोय.

तीन. टीव्हीवर त्या वेळी सीमेवरच्या बातम्या लागल्या होत्या.

चार. या मुद्द्यावर मला काही लिहायचं नाही.

इकडची खबर. कोंडीबा आलाय. वाघर लावलीय जयराजच्या रानात, आपल्या बांधाला लागून. जयराज म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ, भावकीतला पहिला माणूस. ज्यांच्या तोंडाला भिऊन मी नको म्हणालो, त्यांनीच मेंढरं बसवून घेतली. मी त्याला विचारलं तर म्हणतो, “नानासो, मेंढरं रानात बसत्यात. घरात थोडीच येत्यात?” आणि हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. हेच वाक्य मी स्वतः कधी बोललोय का ते आठवून बघितलं आणि मग आठवायचं सोडून दिलं.

तुझी आई सकाळी भाकरी घेऊन तिकडं जाते. मी जात नाही. परवा बांधावर पाणी बघायला गेलो होतो, तेवढ्यात कोंडीबा पुढं आला.

“मेजर, कॉम्प्युटर लय तरास देतोय म्हनं?”

“तुला कोणी सांगितलं?”

“आवं, तिकडं जतला रोज त्येच चाललंय. जेवताना बी तुमचाच कॉम्प्युटर. नंदा म्हनती आसं सांगा, धुळा म्हनतो तसं सांगा. दोगांचं भांडान. आमची कारभारीण कानडीत इचारती, मेजरांचा जीव बरा हाय न्हवं?”

मी विषय बदलला. त्याचं ते काळं कुत्रं, करिया, आपल्या बांधावर आडवं पडलं होतं. म्हटलं, मेंढरं पलीकडं आणि हे इकडं कसं?

“त्येला लय येळा हाकाललं. वाघर जयराजरावांच्या रानात, आन ह्यो रोज हितंच येऊन झोपतोय. जागा वळखीची हाय त्येची.” मग कोंडीबा खाली बघत म्हणाला, “बंदी हाय म्हणून त्येला कुनी सांगितलं न्हाई, मेजर.”

मी पाणी बघून घरी आलो.

नानासो

७ डिसेंबर

चि. राजनंदिनी आणि चि. धुळा,

तक्रारींचं हे शेवटचं पत्र समजू नका. तक्रारी आहेत, खाली लिहिल्या आहेत.

प्रिंटरला पाठवायला नावांची अंतिम प्रत काढायला बसलो होतो. काळ्यावरचं काळं नीट न दिसल्यामुळं दोन सख्ख्या भावांची नावं माझ्या हातून उलटी पडली होती. तुझ्या आईला ते कळलं, कारण त्यातला एक तिच्या माहेरच्या वाटेवर राहायचा. मला कळलं नाही. भिंतीवर तसंच गेलं असतं तर त्यांच्या घरच्यांनी दुसऱ्याच माणसाला हार घातला असता. मी खुर्ची मागं सरकवली.

मग तुझा प्रोग्राम पूर्ण काढला आणि पुन्हा बसवायला घेतला.

तीच खिडकी आली, याच्याबरोबर हेही येईल. या वेळी चष्मा डोळ्यांवर घेऊन वरपासून खालपर्यंत वाचलं. निम्म्यांची कामं मला कळली नाहीत. कोण, कुठला, कशाला, हे विचारत बसलो नाही. शेवटी प्रश्न होता, चालेल का? मी होय केलं. तुझ्या आईनं चहा केला. चहा संपला तरी माणसं आत येतच होती.

उघडला. चित्रं जागेवर आहेत. अक्षरं सगळी दिसतात. रंग त्याचाच, पांढरा. मी ऑपरेशननंतरचा काळा चष्मा शोधून लावला. आई म्हणाली, “शिनेमातलं व्हिलन दिसताय.” वॉलेटनं पासवर्ड मागितला, मी एक दिला, ते गप्प झालं. भावांची नावं सरळ केली. प्रत कराडला गेली.

तक्रारी. याच्या फाइलीच्या खिडकीत ‘रद्द’चं बटण माझ्या उलट्या बाजूला असतं, त्यामुळं मी जतन करायला जातो आणि रद्द होतं. तो चालू असला की कॉम्प्युटरचा पंखा फार वाजतो. आणि बंद केला तरी त्याचे काही सोबती पडद्याच्या कोपऱ्यात बसून राहतात. त्यांना घालवायचं कसं ते विचारत नाही. घाई नाही.

काल संध्याकाळी बांधावर गेलो. कोंडीबाला म्हटलं, “उद्या वाघर इकडं लाव.”

तो म्हणाला, “जयराजरावांना काय सांगू?”

“माझं नाव सांग.”

“मेजर, मेंढरं एकटी येत न्हाईत बरं का. ठावं हाय न्हवं? बायका, पोरं, घोडी, कोंबड्या, समदं बिऱ्हाड येतंय.”

“माहीत आहे,” म्हटलं. “जेवायला घरात या. अंगणात नको, थंडी असते.”

पटका काढून त्यानं पुन्हा बांधला, आधी नीटच होता तरी.

रात्री जयराज आला. विचारत होता, आता भावकीला काय सांगायचं? मी टीव्हीचा आवाज वाढवला.

सोळा तारखेला सकाळी दहाला भिंत खुली होईल. जतहून कोण कोण आणि किती जण येणार ते कळवा. तुझ्या आईला पिठाचा अंदाज हवाय. मी विचारत नाही, ती विचारते आहे. तुझ्या सासूबाई कानडीत बोलणार, ते मला कळणार नाही, तेव्हा तू आमच्या दोघांच्या मध्ये बस.

धुळा, पंख्याचं कारण तू कळव. आणि त्या दिवशी फोनवर शेवटी तू मला मेजर म्हणालास. कानाला बरं वाटलं नाही.

आबा

ता. क. मेंढरं आज आपल्या रानात बसली. करियाला उठावं लागलं नाही.